धूर दिसत नाही म्हणून?

विद्यार्थिमित्रांनो, सकाळी बोईसरच्या नाक्यावर उभे राहिलात, तर तारापूर औद्योगिक वसाहतीकडे निघालेले टेंपो-ट्रक दिसतील. ज्याचा धूर काळा ती गाडी वाईट, असे आपण चटकन ठरवतो. मला हा निवाडा अपुरा वाटतो.

डिझेल इंजिनात ज्वाळेचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की हवेतला एरवी निष्क्रिय असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावतो. तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो. बाहेर हवेत त्याचा फुप्फुसांना त्रासदायक असा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. यावरचा उपाय मोठा गमतीचा आहे. जळून गेलेल्या वायूचा काही भाग एका झडपेतून पुन्हा इंजिनात सोडायचा! त्यात ऑक्सिजन कमी. पुरेसा ऑक्सिजन मिळवायला ज्वाळेला अधिक वायू ओढून घ्यावा लागतो, तीच उष्णता जास्त वायूत वाटली जाते आणि तापमान उतरते. हीच ईजीआर झडप.

ती बिघडते काजळीने. परतलेल्या वायूतली काजळी आणि इंजिनातल्या तेलाची वाफ मिळून चिकट थर बसतो. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा पाहा, म्हणजे कळेल. स्टेशन ते कारखाना अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, तिथे थर लवकर जमतो. झडप उघडी अडकली तर गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते. बंद अडकली तर? फार तर समोरचा दिवा लागतो. गाडी छान पळते!

माझ्या जुन्या जीपची झडप अडकली, तेव्हा मेकॅनिकने पत्रा बसवून वाटच बंद करायचे सुचवले. “सर, पीयूसीही पास होईल.” त्याचे खरे होते. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ चे कडक निकष लागू झाले. पण रस्त्यावरच्या तपासणीत हा वायू मोजला जात नसेल, तर पत्रा बसवणाऱ्याला कोण अडवणार? माझ्या मते ती मोजणी सुरू झालीच पाहिजे.

मी झडप साफ करून घेतली. खरवडून निघालेला काळा गोळा आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात बरणीत ठेवला आहे. हात लावाल तर साबणाने दोनदा धुवावा लागेल.