दुसरी वैमानिक कुठे गेली?

शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा असली की निदान दोन-तीन झाशीच्या राण्या स्टेजवर येतातच. नऊवारी, पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवलेली तलवार, पाठीला उपरण्यानं बांधलेली बाहुली. आमच्या भागातल्या एका शाळेत मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं, तेव्हा विंगेत दोन राण्यांची चांगलीच जुंपली होती. एक म्हणत होती, “राणी मी आहे, तू दुसरं कोणीतरी हो.” दुसरी रडवेली होऊन बाईंना म्हणाली, “बाई, दुसरं कोण होऊ?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर गुण लिहीत असल्याचं सोंग केलं.

खरं तर उत्तर होतं. मार्च-एप्रिल 1858 मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा तटावर बायका तोफांपाशी राबताना आणि दारूगोळा वाहताना दिसल्याची नोंद खुद्द इंग्रजांच्याच बाजूच्या लोकांनी करून ठेवली आहे. राणीसारखी दिसणारी आणि तिच्यासाठी जिवावर उदार झालेली म्हणून बुंदेलखंडात सांगितली जाते ती कोरी समाजातली झलकारीबाई. टपाल खात्यानं तिच्या नावाचं तिकीट काढायला 2001 साल उजाडलं. सोहराब मोदींनी 1953 मध्ये मोठा खर्च करून टेक्निकलरमध्ये ‘झाँसी की रानी’ काढला. 2019 च्या ‘मणिकर्णिका’त झलकारी आहे, अंकिता लोखंडेनं ती भूमिका केली आहे, पण आपल्याला आठवतो तो कंगनाचा घोडा. तटावर गोळे वाहणाऱ्या बायकांना कोणी चेहरे दिले नाहीत. मग त्या मुलीनं पाठीला बाहुली बांधायची नाही तर काय करायचं?

लढाईतल्या बाईवर सिनेमा काढायचा म्हटलं की आपल्याला एकच बाई लागते. भोवती सगळे पुरुष, त्यातले निम्मे दुष्ट, उरलेले बावळट, आणि मधोमध ती. याचा ठसठशीत दाखला म्हणजे कारगिल युद्धात हवाई दलाचं हेलिकॉप्टर उडवणाऱ्या फ्लाइट लेफ्टनंटवरचा ‘गुंजन सक्सेना: द कारगिल गर्ल’. ऑगस्ट 2020, सगळे घरात कोंडलेले, सिनेमा थेट नेटफ्लिक्सवर आला. जान्हवी कपूरनं काम मन लावून केलंय. बापलेकीचे प्रसंग तर पंकज त्रिपाठींमुळे इतके लोभस झालेत की मीही डोळे पुसले. मुलीला विमान उडवायचंय आणि बाप म्हणतो, उडव. एवढ्यावरच सिनेमा तरून गेला असता.

पण पटकथेला शत्रू हवा होता आणि पाकिस्तान पुरेसं नव्हतं. म्हणून उधमपूरच्या तळावर गुंजन एकटी स्त्री-अधिकारी दाखवली. तिच्यासाठी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला खोली नाही, सहकारी टाळतात, आणि एक वरिष्ठ अधिकारी सगळ्यांसमोर तिला पंजा लढवायला लावून तिची कमकुवत मनगटं सिद्ध करून दाखवतो. हवाई दल चिडलं. सेन्सॉर बोर्डाला पत्र गेलं की दलाची प्रतिमा अवास्तव वाईट रंगवली आहे. वाहिन्यांवर दोन दिवस त्यावर चर्चा झडल्या.

या गदारोळात एका बाईंचं म्हणणं बाजूलाच पडलं. त्यांचं नाव श्रीविद्या राजन. त्याही फ्लाइट लेफ्टनंट, त्याही हेलिकॉप्टर वैमानिक. त्यांनी समाजमाध्यमावर जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: गुंजन आणि मी एकाच तुकडीत शिकलो, 1996 मध्ये दोघींची नेमणूक उधमपूरलाच झाली, आणि कारगिलचं युद्ध पेटलं तेव्हा आमच्या युनिटची पहिली तुकडी श्रीनगरला गेली तिच्यात मी होते, गुंजन काही दिवसांनी पुढच्या तुकडीबरोबर आली. विंग कमांडर नम्रता चंडी यांनीही जान्हवीला जाहीर पत्र लिहून श्रीविद्यांच्या बाजूनं साक्ष दिली.

म्हणजे तळावर दोघी होत्या. सिनेमात एकच उरली.

श्रीविद्यांचं लिखाण मला त्याहून एका वेगळ्या कारणानं महत्त्वाचं वाटतं. अडचणी नव्हत्याच, असं त्या कुठेही म्हणत नाहीत. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं, कपडे बदलायची खोली नव्हती, काही सहकाऱ्यांच्या मनात अढी होती, काम चोख करून दाखवावं लागलं, हे त्या मान्य करतात. पण जे होतं ते आम्ही वाटून वापरलं, सहकाऱ्यांनी मदतही केली, आणि ते पंजा लढवण्याचं प्रकरण घडलंच नाही, असं त्या सांगतात. गुंजननंही पुढे दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं की संस्था म्हणून हवाई दलानं आपल्याशी दुजाभाव केला नाही. तेव्हा सिनेमात बनावट काय असेल तर तिचं एकटेपण. गैरसोय अस्सल होती. हवाई दलाला स्वतःची बदनामी खुपली, दिग्दर्शकाला स्वतःचं स्वातंत्र्य महत्त्वाचं वाटलं, आणि गाळलेल्या वैमानिक बाईबद्दल दोघांनाही काही वाटलं नाही.

यात गुंजनचा दोष मला दिसत नाही. त्या दोघी चीता हेलिकॉप्टर उडवत होत्या. चीता म्हणजे हलकं, काचेच्या बुडबुड्यासारख्या तोंडाचं, उंचावरच्या विरळ हवेसाठी घेतलेलं यंत्र. त्यावर ना तोफ ना क्षेपणास्त्र. द्रास आणि बटालिकच्या डोंगरकड्यांमध्ये जखमींना उचलून आणायचं, सामान पोचवायचं, शत्रूच्या जागा हेरायच्या, आणि वरून कोणी नेम धरला तर जवळ उत्तर काही नाही. अशी उड्डाणं करणाऱ्या बाईची मनगटं बारीक की जाड हा प्रश्न पटकथाकाराला सुचतो तरी कसा? आणि अशा कामावर एक सोडून दोघी होत्या, यानं गोष्ट कमी होते की दुप्पट होते?

हे दुखणं फक्त हिंदी सिनेमाचं नाही, हेही खरं. सोव्हिएत नेमबाज ल्युदमिला पावलिचेंको हिच्या नावावर 309 शत्रुसैनिक आहेत. 1942 मध्ये ती अमेरिकेत गेली तेव्हा तिकडच्या वार्ताहरांनी तिला विचारलं की आघाडीवर मेकअप करता येतो का, आणि तुमचा स्कर्ट इतका लांब का. सोव्हिएत सैन्यात स्त्री-नेमबाज शेकड्यांनी होत्या. जगाच्या लक्षात राहिली ती एकटी, आणि 2015 मध्ये तिच्यावर सिनेमा आला तेव्हा त्यात प्रेमप्रकरणं भरपूर होती.

उलटं उदाहरणही तिथलंच आहे. मरीना रास्कोवाच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या रात्रीच्या बाँबफेकी रेजिमेंटमध्ये वैमानिक मुली, नकाशा सांभाळणाऱ्या मुली, इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मुली, पंखांखाली बाँब अडकवणाऱ्या मुली, सगळ्या मुलीच. विमान पो-2, लाकूड आणि कापडाचं, मुळात शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं. जर्मन त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणत. त्यांच्यातलीच एक येवगेनिया झिगुलेन्को. तिला सोव्हिएत संघाचा सर्वोच्च वीर-किताब मिळाला होता. युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी तिनं मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत दिग्दर्शनाचं शिक्षण घेतलं आणि 1981 मध्ये आपल्या रेजिमेंटवर सिनेमा काढला. तिला एकटी नायिका शोधत बसावं लागलं नाही, कारण तिला सगळ्याजणी ठाऊक होत्या. आपल्याकडे एखाद्या निवृत्त स्त्री-अधिकाऱ्याच्या हाती कॅमेरा आला तर काय होईल, याची मला भारी उत्सुकता आहे.

आपल्याकडे सामग्री कमी नाही. 1888 च्या मार्चमध्ये दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि इथल्या लष्करी परिचर्या सेवेची सुरुवात झाली. 1942 मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघाली. टेलिफोनचे स्विचबोर्ड, सांकेतिक संदेश, टंकलेखन, कोठारांचे हिशेब, अशी कामं करणाऱ्या या गणवेशातल्या बायकांची संख्या दहा हजारांच्या वर गेली होती. त्याच्या थोडं आधी मुंबईच्या पडद्यावर काय चाललं होतं? वाडिया बंधूंची नादिया ‘हंटरवाली’ आणि ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये चाबूक फिरवत होती, आगगाडीच्या टपावर धटिंगणांना लोळवत होती. मला नादिया मनापासून आवडते, पण तीही एकटीच. स्विचबोर्डवर बसलेल्या बायकांवर लोकांच्या तोंडी राहिलेला एकही हिंदी किंवा मराठी सिनेमा मला आठवत नाही. आझाद हिंद सेनेची झाशी राणी रेजिमेंट 1943 मध्ये उभी राहिली. तिच्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या मुली मोठ्या संख्येनं होत्या, पण आपल्याला नाव सांगता येतं ते कॅप्टन लक्ष्मींचं. मराठी मालिकांचं तर विचारूच नका. ‘लागिरं झालं जी’मुळे सातारकडचा फौजी घराघरांत पोचला, हे चांगलंच झालं, पण गणवेश त्याचा आणि वाट पाहणं तिचं, ही वाटणी काही हलली नाही.

एकटीची गोष्ट सांगितली तर बिघडतं काय, असं एका मैत्रिणीनं मला विचारलं. ती म्हणाली, “अगं, निदान एकीवर तरी सिनेमा निघतोय.” बिघडतं ते असं. एकटी बाई हा अपवाद ठरतो, आणि अपवादासाठी कोणी स्वच्छतागृह बांधत नाही. तिच्यापुरतं भागवून घेतात. पडदा बांधतात, दाराशी कोणाला तरी उभं करतात. दोघी असल्या, वीस असल्या, तर खर्चाचा कागद हलतो. गुंजनचा सिनेमा यायच्या सहाच महिने आधी, फेब्रुवारी 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं लष्करातल्या स्त्री-अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नेमणूक द्यायचा निकाल दिला. सरकारची बाजू मांडताना सांगितलं गेलं होतं की खेड्यापाड्यांतून आलेल्या जवानांची मनं बाईचा हुकूम ऐकायला तयार नाहीत. न्यायालयानं ते फेटाळलं. पण त्या युक्तिवादातली बाई आणि आपल्या सिनेमातली बाई, दोघी एकाच साच्यातल्या: पुरुषांच्या जगात अचानक उपटलेली, एकटी, सगळ्यांची अडचण करणारी. आम्ही टाळ्या वाजवतो आणि सरकारी वकील मुद्दा करतात, फरक एवढाच.

वस्तुस्थिती मात्र साच्याबाहेर गेली आहे. लष्करी पोलिसांत 83 मुलींची पहिली तुकडी मे 2021 मध्ये बंगळूरला बाहेर पडली. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 मध्ये मुली दाखल झाल्या आणि 30 मे 2025 ला त्यांच्यातल्या 17 जणी तिथून दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. त्यांच्यावर कधी ना कधी सिनेमा निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको. जो कोणी तो लिहील त्याला एवढीच विनंती, की नायिका हवी तर एकीलाच करा, गाणी तिलाच द्या, पण बाकीच्या सोळा जणींना वसतिगृहातून घालवू नका.