घरातला पाना कुणाचा?

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. आधी मिनिटाला चार थेंब, मग दहा, मग सलग बारीक धार. प्लंबरला फोन केला. ‘येतो वहिनी, उद्या सकाळी नक्की.’ जव्हारमध्ये राहणाऱ्या बायकांना हा ‘उद्या’ चांगलाच ओळखीचा आहे. इथे कारागीर मोजके, त्यांच्याकडे मोठ्या बांधकामांची कामं. एका वॉशरसाठी कोण आपली पिशवी उचलून येणार? मी नळाखाली बादली लावली. सकाळपर्यंत ती भरायची. ते पाणी मी तुळशीला आणि कुंड्यांना घालायचे आणि वर स्वतःलाच शाबासकी द्यायचे, की बघा, थेंबही वाया जात नाही.

तीन आठवडे असेच गेले.

मे महिन्यात मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक होती. बायका दीड तास उशिरा आल्या, कारण विहिरीच्या तळाशी झिरपणारं पाणी वाटीवाटीनं भरून हंडा पुरा व्हायला तेवढा वेळ लागत होता. गप्पांच्या ओघात मी माझ्या नळाचं रडगाणं गायले. एक मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘तीन आठवडं? मंग तू काय करत होतीस?’

बैठकीतल्या बाकीच्या हसल्या. मीही हसले. पण परत येताना जीपमध्ये तो प्रश्न काही पाठ सोडेना. मी काय करत होते? मी वाट बघत होते. बी.ए. झालेली, सभांमधून ‘महिलांनी स्वावलंबी व्हावं’ असं सांगणारी मी एका रबराच्या चकतीसाठी तीन आठवडे वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा बिस्किटांचा जुना डबा खाली काढला. आमच्या घरात त्याला ‘ह्यांचा डबा’ म्हणतात. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तो पुसून ठेवण्यापलीकडे उघडला नव्हता. पाना सापडला, पक्कड सापडली. टाकीचा कॉक बंद केला, नळ उघडून पाईपमधलं उरलेलं पाणी जाऊ दिलं, तोटीचं डोकं सोडवलं. आत बोटाच्या पेराएवढा काळा वॉशर, मधोमध खळगा पडलेला. बस, एवढंच दुखणं! दुकानात गेले तर दुकानदार म्हणाले, ‘वहिनी, साहेबांना पाठवा, त्यांना कळेल कोणत्या मापाचा ते.’ मी जुना वॉशर काउंटरवर ठेवला. नवा आला चहापेक्षा स्वस्त. काम झालं वीस मिनिटांत, त्यातली पंधरा मिनिटं पाना कोणत्या बाजूला फिरवायचा हे कळण्यात गेली.

संध्याकाळी हे म्हणाले, ‘अगं, मी केलं असतं की.’ मी विचारलं, ‘कधी?’ ते हसले. भांडण झालं नाही, त्यामुळे हा लेख नवऱ्यांविरुद्ध आहे असं कुणी समजू नये.

नंतर विचार करताना वाटलं, की बायकांना दुरुस्ती येत नाही हे खरं तर खोटंच आहे. माझी आई रॉकेलचा स्टोव्ह वापरायची. जाळ पिवळा झाला की पिन मारायची, पंप हवा धरेनासा झाला की आतला चामड्याचा वॉशर काढून, तेल लावून, फुलवून परत बसवायची. पाड्यावरच्या हातपंपातही पाणी वर ओढण्याचं काम तसलाच वाटीच्या आकाराचा वॉशर करतो. म्हणजे आईला पंपाची दुरुस्ती येत होती की! कुकरचं रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आपण बदलतो, शिलाई मशीनचा पट्टा आपण बसवतो, गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून गळती आपण बघतो. पण बाईनं केलं की ते घरकाम, आणि पुरुषानं केलं की तीच दुरुस्ती. घरकामाला कुणी हाक मारून कौतुक करत नाही आणि दुरुस्तीला मात्र चहा लागतो.

आता माझी फजितीही सांगते, नाहीतर नुसताच मोठेपणा होईल. नळाच्या यशानं माझी भीड चेपली. जूनमध्ये पहिल्या पावसात फ्यूज उडाला. आमचा बोर्ड जुना आहे. मेन स्विच बंद करून मी फ्यूज काढला, इथवर बरोबर. पण घरात फ्यूजची तार नव्हती, म्हणून वायरमधले तांब्याचे चार-पाच पदर एकत्र पिळून बसवले. दिवे लागले! सासूबाईंनी शेजारी सांगून टाकलं, की आमची सून वायरमन झाली. चौथ्या दिवशी इस्त्रीच्या प्लगपाशी जळका वास यायला लागला. भिंतीतल्या वायरचं आवरण वितळलं होतं.

जाड तार घातली की फ्यूज टिकतो आणि घर जळतं. फ्यूजचं काम जळणं हेच आहे, तो स्वतः जळून आपल्याला वाचवतो. हे मला इलेक्ट्रिशियननं रागावून सांगितलं आणि ते रागावणं रास्त होतं. त्यानंतर आम्ही एमसीबी आणि सोबत गळती ओळखणारा स्विच बसवून घेतला. माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून थोडासा जरी करंट जमिनीकडे जायला लागला, साधारण तीस मिलिअँपिअर, तरी हा स्विच झटक्यात वीज तोडतो. पावसाळी भागात प्रत्येक घरात तो हवा, आणि त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला हवं. मीटरला आणि मीटरच्या आधीच्या वायरला मात्र आपण हात लावायचा नाही. कुठे थांबायचं हे कळणं हाही दुरुस्तीचाच भाग आहे, हे मी थोडी किंमत मोजून शिकले.

पण मला खरं बोलायचं आहे ते पाड्यांवरच्या घरांबद्दल.

जव्हार-मोखाड्यात कारवीच्या कुडाची घरं अजून उभी आहेत. खांब, वासे, आढं पुरुष उभारतात. भिंत मात्र बाईच्या हातची. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप, मातीत भाताचं तूस. तूस कशाला, असं मी पूर्वी एकीला विचारलं होतं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी भातात मीठ कशाला घालतात असं विचारत होते. तूस नसलं तर वाळताना माती तडकते. पावसाची झड ज्या अंगानं येते त्या अंगाची भिंत दरवर्षी धुपते, पाऊस सरला की ती पुन्हा लिंपायची. उंदरानं पोखरलं, कोपरा ढासळला, चुलीमागचा लेप सुटला, तर त्याच दिवशी मूठभर कालवून बाई मोकळी. कुणाला फोन नाही, कुणाची वाट बघणं नाही. लग्नाच्या वेळी सवाष्णी जो चौक लिहितात, तोही ह्याच भिंतीवर गेरू सारवून. जगभर पोचलेल्या वारली चित्रांमागे अशी लिंपलेली भिंत आहे आणि ती सांभाळणारी बाई आहे.

आता पक्की घरं आली. प्रधानमंत्री आवास योजनेतून आली, आदिवासींसाठीच्या शबरी घरकुल योजनेतून आली, कातकरी कुटुंबांसाठी २०२३ पासून जनमनमधून येऊ लागली. यायलाच हवीत. साप-विंचवाच्या, गळक्या छपराच्या घरात आयुष्य काढणं किती सुंदर, असं शहरातून चार दिवस फिरायला आलेल्यांनी म्हणावं, मी म्हणणार नाही. प्रधानमंत्री आवासमधलं घर सहसा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं, हे तर फारच चांगलं.

पण एक गोष्ट गुपचूप हातातून गेली. भिंत सिमेंटची झाली आणि बाई तिला परकी झाली. तडा गेला तर काय कालवायचं, हे तिला माहीत नाही. ती गवंड्याची वाट बघते. नवरा बघेल म्हणावं, तर दिवाळीनंतर भात झोडून झाला की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामांवर गेलेला. कागदावर घर तिचं, पण थापी तिची नाही.

त्यातही चीड येते ती अशी. इथली बांधकामं बहुतेक उन्हाळ्यात होतात, म्हणजे नेमकी पाण्याची टंचाई असते तेव्हा. सिमेंटला निदान सात-दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, त्याशिवाय ते नीट घट्ट होत नाही आणि तडकतं. गवंडी सांगून जातो, ‘पाणी मारा.’ ते पाणी कोण आणतं? विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन तीच बाई. पिण्यासाठी दोन खेपा आणि भिंतीसाठी चार. पाणी का मारायचं, हे तिला कुणीच समजावून सांगत नाही. मग दमली की ती पहिली काटछाट भिंतीच्या पाण्यात करते, पोरांच्या पाण्यात नाही. तिचं काय चुकलं? तिला एवढं जरी कळलं असतं, की भिंतीवर ओली पोती टांगून ठेवली तर कमी पाण्यात भागतं, तर दोन खेपा वाचल्या असत्या आणि भिंतही.

हे बायकांना शिकवता येतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जी उभी राहिली त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं ठरलं, तेव्हा सरकारनं लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, या जिल्ह्यांतल्या गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या. प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यामागे होती. एरवी गावच्या बैठकीत डोक्यावरचा पदर न सोडणाऱ्या बाया, भिंतीच्या आरपार जाणारा जोडदगड का हवा आणि छपरावरची माती कमी का करायची, हे घरोघरी समजावून सांगू लागल्या. अलीकडे झारखंडमध्ये शौचालयं बांधताना बायका गवंडी झाल्या, त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथे मुलीही वेल्डिंग आणि वायरिंग करतात आणि मुलगेही स्वयंपाक करतात. तिथला अभ्यासक्रम पुढे शाळांमध्येही गेला. माझ्या मते तो आश्रमशाळांमध्ये सगळ्यात आधी यायला हवा. आपल्याकडे हस्तव्यवसायाच्या तासाला मुलींना अजून रुमालावर टाकेच घालायला लावतात. टाके वाईट नाहीत, पण घराच्या भिंतीला टाके घालता येत नाहीत.

आम्ही दोन बचत गटांपुरतं एक छोटं काम केलं. वर्गणी काढून सामाईक हत्यारपेटी घेतली. पक्कड, पाना, टेस्टर, दोन पेचकस, थापी, हातोडी, छिन्नी, ओळंबा, टेफ्लॉन टेप, वॉशरची पुडी. मग एका निवृत्त गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी भिंतीतला तडा कसा वाचायचा ते दाखवलं. केसाएवढा असेल तर घाबरायचं नाही. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहायची. महिन्या-दोन महिन्यांत तो खुणेच्या पुढे सरकला, किंवा रुंद होत गेला, तर पंचायतीला आणि अभियंत्याला सांगायचं, आपण नुसता बुजवायचा नाही. सरकला नाही तर छिन्नीनं थोडा उघडायचा, आतली धूळ काढायची, भिंत भिजवायची, एकास तीन मालानं भरायचा आणि आठवडाभर ओला ठेवायचा. बायकांना यात अवघड काहीच वाटलं नाही. ‘लिंपणच हाय की,’ एक म्हणाली, ‘फक्त माती महाग.’

सगळं गोडगोड झालं असं मात्र नाही. पेटी कुणाच्या घरी ठेवायची यावरून दोन महिने अबोला होता. टेस्टर हरवला. एकीच्या नवऱ्यानं पक्कड स्वतःच्या मोटरसायकलसाठी नेली ती तीनदा मागितल्यावर आली. एका घरी बाई भिंत उकरते आहे हे बघून सासऱ्यांनी जेवणच टाकलं. तडा बुजल्यावर जेवले. आणि छतातून गळणारं पाणी अजून आमच्या हाताबाहेर आहे, त्यासाठी जाणकार माणूस शोधतो आहोत. तोवर, मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावरही असा एखादा डबा असेलच, तो खाली काढून निदान आत काय आहे ते बघा.

पेटीतली हातोडी दिवाळीनंतर नोंद न करताच कुणीतरी नेली. आम्ही ती गेलीच असं धरून चाललो होतो. मे महिन्यात भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून एक कुटुंब परतलं, त्यांच्या बोचक्यातून ती निघाली. दांडा नवा होता. कुणी बसवला म्हणून विचारलं, तर ती बाई म्हणाली, ‘मीच. जुना निसटत होता.’