साधनपट्टीवरील मराठी यादी

संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे, केंद्रात किंवा त्या त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. हा हक्क बजावताना आमची माणसे अडतात ती कायद्यापाशी नव्हे, टंकलेखकाच्या संगणकापाशी. तेथे इंग्रजी अर्जांचे साचे तयार असतात. मराठी मायना मात्र दर खेपेस नव्याने टंकावा लागतो. घाई असली की अर्ज इंग्रजीत उतरतो आणि अर्जदार न वाचताच सही करून मोकळा होतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. वर्डमध्ये मराठी मजकूर निवडून ऑल्ट आणि एफ-३ दाबावे, 'ऑटोटेक्स्ट' गॅलरी निवडून त्यास नाव द्यावे. मग 'इन्सर्ट'मधील 'क्विक पार्ट्स'खालच्या 'ऑटोटेक्स्ट'वर माउसचे उजवे बटण दाबून ती गॅलरी वरच्या छोट्या साधनपट्टीवर आणावी. आता त्या बटणाखाली यादी उलगडते आणि एका टिचकीत मजकूर कागदावर येतो. (२००३ पर्यंतच्या वर्डमध्ये पट्टीवर स्वतःचा मेनू माउसने ओढून रचता येई, २००७ च्या रिबनने ती सहजता नेली. सुधारणा म्हणतात ती हीच असावी!)

खरा विचार लागतो तो यादीत काय घालावे याचा. पुण्याहून आलेला नमुना जसाच्या तसा बेळगावात चालवू नये, असे आमचे ठाम मत आहे. येथील तहसील कचेरीत 'सातबारा' मागणारा अर्ज मराठी असूनही परका ठरतो. येथे 'पहाणी' म्हणावे लागते. गोव्यात तोच कागद 'फॉर्म एक-चौदा' होतो. इंदूर-ग्वाल्हेरकरांना 'खसरा-खतौनी' लिहावी लागते. वडोदऱ्यात मात्र गुजरात सरकारही सातबाराच देते. तेव्हा वाक्यरचना मराठी आणि दफ्तरी संज्ञा त्या राज्याची, हाच नियम आम्ही पाळतो. संज्ञेत गफलत झाली की अर्ज परत येतो आणि दोष मराठीच्या माथी बसतो.

नोंदी साठवताना 'महसूल', 'न्यायालय', 'शाळा' असे वर्ग पाडले की यादी लांबली तरी शोधाशोध होत नाही. आमच्याकडे शेवटच्या वर्गात तूर्त एकच मजकूर आहे : प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी अनुच्छेद ३५०-क च्या आधारे करावयाचा अर्ज.