संगणक कोणता घ्यावा आणि त्याची राखण कशी करावी



मागे नांदेडला आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत घडलेला हा प्रसंग. एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी आली होती. वडील बांधकामावर मजुरीला, आई चार घरची धुणीभांडी करते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रके असे सगळे कागद एका दुकानात स्कॅन करून पेन ड्राइव्हमध्ये आणले होते. शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले होते. पेन ड्राइव्ह संगणकाला लावला, तर फोल्डरांच्या जागी नुसती बाणाची चिन्हे. कागद कुठेच नाहीत. मुलगी रडू लागली. आम्ही मनात हिशेब करू लागलो, की पुन्हा तहसीलचे खेटे घालायचे तर तिच्या वडिलांच्या किती हजेऱ्या बुडतील.

तेवढ्यात अभ्यासिकेतील एका विद्यार्थ्याने आपला जुना लॅपटॉप पुढे केला. त्यावर विंडोज नव्हते, लिनक्स होते. पेन ड्राइव्ह लावताच सगळे कागद दिसू लागले. व्हायरसने ते पुसले नव्हते, विंडोजच्या नजरेआड दडवले होते. विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस लिनक्सवर चाललाच नाही. अर्ज त्याच संध्याकाळी गेला.

ही हकीकत आमच्या लातूरच्या मेहुण्यांना सांगितली. त्यांना मुलासाठी जुना लॅपटॉप घ्यायचा होता. ते लगेच म्हणाले, “दाजी, मग आमच्या पोरालाबी तेच टाकून द्यावं का?”

प्रश्न सरळ आहे, पण उत्तर देण्याआधी काम कोणते ते पाहावे लागते. विंडोज काय, लिनक्स काय, या ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचे कारभारी. टॅलीवर हिशेबाची नोकरी धरायची असेल तर विंडोज लागते, कारण टॅली त्यावर चालण्यासाठीच बनवलेली आहे. पण इंटरनेटवर अर्ज भरणे, व्हिडिओवरून अभ्यास करणे, युनिकोडमध्ये मराठी टाइप करणे एवढेच काम असेल तर लिनक्सवर भागते. त्याला पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ते बरे चालते. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाचे लिनक्स तयार केलेले आहे. केरळच्या सरकारी शाळांतील मुले अनेक वर्षांपासून लिनक्सवरच शिकत आली आहेत.

विंडोज घ्यायचे ठरले तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, यावर विंडोज ११ चालेल काय? विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर ११ बसत नाही. दुसरा प्रश्न, विंडोज अस्सल आहे की चोरीचे? दोन-तीनशे रुपयांत टाकून मिळणारी चोरीची प्रत पुष्कळदा व्हायरस सोबत घेऊनच येते, आणि सुरक्षेचे अपडेटही बहुधा बंद करून ठेवलेले असतात. अपडेट चुकवल्याने काय होते ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

मग लिनक्स घेतले की काळजी मिटली, असे समजावे काय? तसे मुळीच नाही. आपल्या हातातील अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती. उघडली आणि खात्यातील सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. तेथे दार आतूनच उघडले गेले होते.

१९९० च्या दशकात व्हायरस फ्लॉपीतून येत. पुण्यात यंत्रदुरुस्तीचे दुकान चालवणारे, जेमतेम दहावी शिकलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्या काळी त्यावर उतारा तयार केला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. फ्लॉपी गेली, पेन ड्राइव्ह आला, आता व्हॉट्सअॅप आहे. वाट बदलली, पण व्हायरस अजूनही पुष्कळदा आपण विश्वासाने घेतलेल्या वस्तूतूनच येतो.

म्हणून घरोघरी एवढे पाळावे. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आधी तपासावा. अस्सल विंडोजमध्ये डिफेंडर फुकट असतो. पत्रिका, चालान, बँकेची सूचना अशा नावाने आलेली एपीके फाइल उघडू नये, पाठवणारा ओळखीचा असला तरी आधी त्याला फोन करावा. दाखल्यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. डिजिलॉकरमध्ये मिळतात ते दाखले तेथेही घ्यावेत. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

मेहुण्यांचा मुलगा अकरावी सायन्सला आहे, त्याला टॅली लागत नाही. आम्ही लिनक्स टाकायला सांगितले आणि सोबत एक कोरा पेन ड्राइव्ह दिला, दाखल्यांच्या दुसऱ्या प्रतीसाठी. अभ्यासिकेतील त्या मुलीनेही तसाच एक घेतला आहे. तो घरी आईच्या पेटीत, मूळ दाखल्यांच्या पिशवीत असतो.