खोगीरभरतीची बाजू

मराठी भाषेने ज्या निरपराध शब्दांवर अन्याय केला, त्यांत 'खोगीरभरती'चा नंबर फार वरचा लागावा. कादंबरी लांबली, म्हणा खोगीरभरती. अहवाल फुगला, खोगीरभरती. व्यासपीठावर वक्त्यांपेक्षा सत्कारमूर्ती जास्त झाले, खोगीरभरती! मोल्सवर्थसाहेबाच्या कोशातही या शब्दाला गबाळ असाच अर्थ चिकटलाय. पु. लं.नी तर आपल्या विनोदी लेखांच्या पुस्तकाला हेच नाव देऊन टाकलं. पु. लं.चं ठीक आहे, ते स्वतःचीच थट्टा करत होते. बाकीच्या मंडळींना मात्र माझा साधा सवाल आहे. खोगिराखाली काय असतं ते कधी पाहिलंय का? पाहणं राहू द्या, घोड्याला विचारलंय?

घोड्याच्या दृष्टीने त्या सगळ्या थाटात कामाची वस्तू एकच, भरती. वरचं कातडं, पितळी फुल्या, रंगीत गोंडे हे बघणाऱ्यांसाठी. वजन कण्यावर येता कामा नये, ते कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसल भागावर पडायला हवं. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तोही मोकळा हवा. तिथं दाबलं, घासलं की पाठ लागते. जखम बरी झाली तरी केसांची मुळं दुखावलेली असतात, म्हणून त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात. काळ्याभोर घोड्याच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले तर त्याला शुभलक्षण समजू नका. मालकाच्या आळसाचं ते प्रमाणपत्र असतं.

आता आमच्या मराठवाड्यात घोड्यांचं कौतुक कमी आहे म्हणावं, तर तसंही नाही. नांदेडला हल्लाबोलात घोडे दौडतात ते पाहायला माणूस माणसावर पडतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, आणि खंडोबा हा तर मुळातच घोडेस्वार देव. तिथल्या बाजारात गिऱ्हाइकं घोड्याचे दात बघतात, चाल बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात. हा देवमण, तो अशुभ, यावर मुलीच्या पत्रिकेपेक्षा जास्त खल होतो. एवढं सगळं जुळवून घोडं घेतात आणि शेजारच्या दुकानातून त्याच्या पाठीवर काय टाकतात? रेक्झिनची गादी, आत स्पंज! घोडं पेंड खातं ते इथं.

हा स्वस्त स्पंज दुकानात बोटाने दाबला की छान वर येतो. पंचाऐंशी किलोचे काका बसले की तो खाली जातो आणि मग वर येण्याचं नाव घेत नाही. रेक्झिन घाम पीत नाही. घोड्याला तर माणसासारखाच अंगभर घाम येतो. त्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे घासलं की साबणासारखा फेस होतो. म्हणजे उन्हात, फेसात, रेक्झिनखाली ते जनावर निमूट चालतं आणि वर बसलेले काका फोटो काढून घेतात.

माझी आत्या अहमदपूरकडची. तिनं उभ्या जन्मात घोड्यावर पाय टाकला नाही, पण वाकळी अशा शिवल्या की तीन पिढ्या लोळल्या तरी टाका उसवला नाही. तिला एकदा हे प्रकरण दाखवलं. म्हणाली, "आरं, मुक्या जीवाला बोलता येत न्हाई म्हणून काय बी टाकाव का त्याच्या पाठीवर?" आणि बसली शिवायला. खाली, अंगाशी, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर. मध्ये घोंगडीचे थर, कारण लोकर दबते आणि पुन्हा फुगते. वर जाड मांजरपाट. मधून कडेकडे टाचत जायचं, म्हणजे सुरकुती राहत नाही. एक सुरकुती म्हणजे एक जखम. मग मेण लावलेल्या दोऱ्याने दोन-दोन बोटांवर धावदोरा. गाठ आतल्या थरात दडवायची, कातडीकडे कधीच नाही. कण्यावरून जाणारी शिवण पाठीच्या वळणाने कापून घ्यायची. तंग जिथं घासतो तिथं कातड्याचं ठिगळ. आणि भरायचं बेतानं, कारण फार जाड झालं की खोगीर डुलायला लागतं. लेखकांनी हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवायला माझी हरकत नाही.

अशा वाकळी शिवणाऱ्या बायका नांदेड-लातूरकडे गल्लोगल्ली होत्या, अजूनही सापडतात. त्यांना विचारतो कोण? शहरातल्या प्रदर्शनात त्यांच्या गोधड्या भिंतीवर टांगतात, बाजूला कलाविषयक चिठ्ठी लावतात आणि गोधडीच्या दहापट किंमत चिठ्ठीची लावतात. भिंतीची पाठ काही लागत नाही हो! जिची लागते तिच्यासाठी मात्र स्पंज.

तेव्हा पुढच्या मार्गशीर्षात माळेगावला, घोड्यांच्या बाजाराच्या तोंडाशीच, अशा दोन-चार बायकांना सतरंजी टाकून बसवा आणि गोंड्यांना द्यायचे पैसे आधी त्यांच्या हातावर ठेवा. आत्यालाही विचारून पाहिलं. यायला तयार आहे, फक्त फूटपट्टीतली मापं घेणार नाही म्हणते. घोडं समोर उभं करा, म्हणते.