‘बाटवलं’ या शब्दाविरुद्ध

चांदूर रेल्वेच्या फलाटावर नागपूरकडच्या गाडीची वाट पाहत बसलं, की गप्पांत धर्मांतराचा विषय कधीतरी निघतोच. परवा एका जाणत्या गृहस्थांनी तो एका दमात निकाली काढला : “दुष्काळात भाकर दाखवली अन् बाटवलं लोकायले. बाकी काही नाही.” आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. मला हे मान्य नाही.

आधी भाकरीचंच पाहू. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला, कापसाच्या पैशावर उभ्या असलेल्या मुलखात माणसं उपाशी मेली, हे खरं. मिशनऱ्यांनी अन्न दिलं, अनाथ मुलं उचलून नेली, हेही खरं. पण भाकरीनं धर्म बदलत असता, तर त्यानंतर वऱ्हाडात गावंच्या गावं ख्रिस्ती व्हायला हवी होती. ती झाली नाहीत. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्काही भरले नाहीत. बहुतेकांनी भाकर खाल्ली, दुवा दिला आणि ते आपल्या देवाकडे परतले. भुकेल्या माणसालाही मन असतं, एवढं तरी आपण धरून चालावं.

या आक्षेपात एक काटा मात्र खरा आहे. अनाथालयात आलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोराला कुणी काही विचारलं नव्हतं. जेवण आणि उपासना एकाच छपराखाली मिळते, तिथे त्या पोराच्या होकाराला होकार म्हणता येत नाही. “नाहीतर ती मुलं मेली असती” हे मिशनच्या कैवाऱ्यांचं उत्तर खरं असलं, तरी पुरेसं नाही.

हेच कैवारी पुढे म्हणतात, मिशननं शाळा काढल्या म्हणून आपण माणसांत आलो. मग जोतीराव फुल्यांचं काय करायचं? पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, बाप्तिस्मा घेतला नाही, आणि १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. शाळा मिशनची होती, विचार त्यांचा स्वतःचा होता.

मला मांडायचं आहे ते असं : धर्म बदलणारा माणूस हा या गोष्टीतला कर्ता आहे. ‘बाटवलं’ म्हटलं की तो वाक्यातलं निव्वळ कर्म होऊन बसतो.

नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्यानं बायबल दिलं. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ च्या फेब्रुवारीत, मुंबईला. मधल्या काळात ते वाचत होते, स्वतःशी झगडत होते. आणि लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाला, तरी त्या सुमारे पाच वर्षं झाल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, सोवळं धरून बसल्या. जातिभेद माणसानं केलेला आहे, हे त्यांचं त्यांना उमगलं, तेव्हा कुठे त्यांचं पाऊल पुढे पडलं. एकाच घरातले हे दोन निर्णय. त्यांत भाकर कुठे आहे? पुढे १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनची चाकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच धर्मभगिनींशी वाद मांडला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हा त्यांचा सवाल होता. अशी बाई कुणाच्या बाटवण्यानं बाटते?

वऱ्हाड मध्य प्रदेशात होता तेव्हा, १९५४ मध्ये, त्या सरकारनं मिशनच्या कामाची चौकशी करायला न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात मिशनवर कडक ताशेरे आहेत, आणि आजही लोक त्याचा दाखला देतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यात खुद्द नियोगींनीही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. विचार करून, उतारवयात, राजीखुशीनं. त्यांना कुणी बाटवलं, असं म्हणणारा मला या फलाटावर अजून भेटलेला नाही.