आधी सोड, मग औषध?

रुळांच्या कडेला वापरलेली सिरिंज दिसली, की अंबरनाथ पूर्वेतले आपण पोरांना लांब ओढतो आणि ‘या गर्दुल्ल्यांना हाकला’ म्हणतो. पोरांना ओढणे बरोबरच. पण हाकलल्याने आजार जात नाही, तो उल्हासनगरला किंवा बदलापूरला मुक्काम हलवतो.

आजार म्हणजे हिपॅटायटिस सी. माणूस वर्षानुवर्षे जेवतो-खातो, कामावर जातो आणि आत यकृत खराब होत राहते. संसर्ग टिकून राहिलेल्या शंभरातल्या १५ ते ३० जणांना वीसेक वर्षांत सिरॉसिस गाठतो. हा आजार रक्तातून पसरतो. सुई स्वतःची असली तरी पावडर विरघळवायचे झाकण, कापूस किंवा पाणी सामायिक असले की विषाणू पुढच्याकडे जातो. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. लस अजून नाही.

औषध मात्र आहे. त्याच्या इतिहासातले एक पान तर मुंबईचेच. रोश कंपनीला २००६ मध्ये पेगिलेटेड इंटरफेरॉन या तेव्हाच्या औषधाचे भारतीय पेटंट मिळाले, तेव्हा उपचार लाखांत जायचा. सुईने नशा करणाऱ्यांसोबत काम करणाऱ्या ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ने हरकत घेतली. पेटंट कार्यालयात ती फेटाळली गेली. संस्था अपिलात गेली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ज्यांना आपण दारातही उभे करत नाही, त्यांच्या बाजूने लढलेली ही लढाई होती. पुढे इंटरफेरॉनच मागे पडले. २०१३ मध्ये अमेरिकेत आलेल्या सोफोसबुव्हिरची एक गोळी हजार डॉलरची होती. आज भारतीय कंपन्या ती बनवतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात आणि शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात.

मग अडते कुठे? ‘आधी नशा सोड, मग ये’ या वाक्यापाशी. मला ही अट अन्यायाची वाटते, आणि मूर्खपणाचीही. नशा चालू असलेल्यांनाही उपचार द्या, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. थांबवून ठेवलेला माणूस त्या काळात आणखी कितीजणांना विषाणू देईल? बरा झालेल्यालाही पुन्हा लागण होऊ शकते, म्हणून गोळ्यांसोबत नव्या सुया आणि नशेची तलफ शमवणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन हवीच. सुया वाटल्याने नशा वाढते, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. जगभरच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. ब्युप्रेनॉर्फिन रोज घ्यायची असते; हातावर पोट असलेला माणूस त्यासाठी रोज लोकलने लांब जाणार नाही. ती अंबरनाथमध्येच, चालत जाता येईल अशा अंतरावर मिळायला हवी. नगरपालिकेकडे वॉर्डातल्या लोकांनी हे मागावे.

घरात सुईने नशा करणारे कुणी असेल तर त्याला तपासणीला एकट्याला पाठवू नका, सोबत जा. पहिल्या रक्तचाचणीत अँटिबॉडी निघाली म्हणजे आजार आहेच असे नाही. सुमारे तीस टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो. म्हणून विषाणू आत्ता रक्तात आहे का हे सांगणारी आरएनए चाचणी मागा. आणि हे कामाला ठेवणाऱ्या मालकांसाठीही: औषधाने पूर्ण बरा झालेल्याचाही अँटिबॉडीचा रिपोर्ट पुढे कित्येक वर्षे ‘पॉझिटिव्ह’ येतो, त्यावरून कुणाला कामावरून काढू नका.